अक्काच्या गिरणीचं स्टेटस

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी कागद आला की तो माझ्याकडे येतो. रेशनचा फॉर्म, शाळेची सूचना, लाईट बिलाचा मेसेज, काहीही. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतात, आई घरी बसून टॉवेलच्या कडा शिवते. दोघंही लोकांना सांगतात, "आमच्या पोरीला लिहाय येतं." मी मान डोलावते. पण कोरा कागद समोर आला की मला पहिलं वाक्य अजूनही सुचत नाही. निबंध मी नेहमी दुसऱ्यांची वाक्यं आठवून लिहीत आले. दहावीला चांगले गुण पडले ते त्यावरच, असं मला कधी कधी वाटतं.

म्हणून दिवाळीनंतर कॉलेजात मॅडमनी प्रकल्प दिला तेव्हा मी घाबरले. आपल्या भागातला एक छोटा व्यवसाय निवडायचा आणि त्याच्यासाठी सोशल मीडियावर लिहायचं. मी अक्कांची पिठाची गिरणी निवडली. ती आमच्या घरापासून वीस पावलांवर आहे आणि अक्का मला हसणार नाहीत याची खात्री होती, एवढंच कारण.

अक्का साठीच्या आसपासच्या. नवरा गेल्यापासून गिरणी एकट्याच चालवतात. माहेर अक्कलकोटच्या पुढचं, कर्नाटकच्या हद्दीजवळचं, त्यामुळे बोलताना मध्येच कानडीत शिरतात आणि गल्लीतल्या सगळ्या मुलींना 'यव्वा' म्हणतात. मी त्यांना प्रकल्पाचं सांगितलं तेव्हा त्या डोक्याचा रुमाल सोडून पीठ झटकत होत्या.

"माझ्या गिरणीचं काय लिहिणार तू?"

"लोकांना कळावं म्हणून. डबे वाढावेत म्हणून."

"डबं वाढणार असतील तर लिही की यव्वा. न्हायतर मी ही मोडायच्या इचारात हाय."

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्या खरंच सांगत होत्या. लोक पिठाच्या पिशव्या आणायला लागले होते. पूर्वी शिवरात्रीच्या आठवड्यात उपवासाची पिठं दळायला त्यांच्या दारात बसायला जागा नसायची. गेल्या वर्षी बाकडं रिकामं राहिलं. "ह्या शिवरात्रीला माणसं आली तर चालवायची. न्हाय आली तर मोडायची आणि भावाकडं जाऊन राह्यचं. ठरलंय माझं." एवढं बोलून त्यांनी गिरणी चालू केली आणि पुढचं काही ऐकू येईना.

घरी येऊन मी फोनवर दुसऱ्या दुकानांच्या पोस्टी वाचत बसले. मिठाईवाले, कपड्यांचे, जिमवाले. त्यातली वाक्यं मला फार छान वाटली. मी ती जोडत गेले आणि हे तयार झालं:

'शुद्ध, पौष्टिक, आरोग्यदायी! परंपरेची चव आता आपल्या दारी! सर्व प्रकारची धान्ये व उपवासाची पिठे उत्तम प्रतीत दळून मिळतील. केव्हाही या! आजच भेट द्या!'

मागे इंटरनेटवरून घेतलेलं एक पिवळंधमक शेत लावलं, खाली हात जोडलेली चित्रं टाकली, आणि ते व्हॉट्सॲपवर, इन्स्टाग्रामवर, सगळीकडे पाठवलं. मैत्रिणींनी बदाम दिले. मॅडमनी 'छान प्रयत्न' असं लिहिलं. मला दोन दिवस हलकं हलकं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी गिरणीसमोर आमच्या गल्लीतले मामा भेटले. मामा पूर्वी चादरीच्या कारखान्यात होते, आता निवृत्त आहेत आणि सकाळचा अर्धा वेळ गिरणीच्या बाकड्यावर घालवतात. त्यांनी फोन लांब धरून माझी पोस्ट बघितली.

"अक्का, सूर्यफूल कधीपासून दळाय लागलीस?"

"कुठलं सूर्यफूल?"

"हे बघ की. शेतच्या शेत हाय."

अक्का हसल्या. मीही हसले, पण कान तापले होते. त्या आठवड्यात कुणीतरी फोन करून विचारलं, पीठ घरी कधी पोचवताय, कारण 'आपल्या दारी' असं लिहिलंय. कुणी भर सकाळी गहू घेऊन यायचं, कुणी संध्याकाळी ज्वारी. अक्का त्यांना दुसऱ्या वेळेला या म्हणायच्या आणि ती माणसं फोन दाखवायची. मला अक्का एका शब्दाने बोलल्या नाहीत. डबे मात्र वाढत होते. मला वाटलं, जमतंय.

मग एका शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास गिरणीसमोर रिक्षा थांबली. मी तिथेच होते, आमचा गव्हाचा डबा घेऊन. रिक्षातून एक बाई उतरल्या, पस्तिशीच्या असतील. हातात स्टीलचा डबा, आत निवडून स्वच्छ केलेली ज्वारी.

"हीच ना ती गिरणी? व्हॉट्सॲपवर बघितलं. लगेच दळून मिळेल?"

अक्कांनी ज्वारी मुठीत घेऊन बघितली. "चांगली हाय. घरात भाकरी कोण खातं?"

"मुलगी. आठ वर्षांची आहे. डॉक्टरांनी तिला गहू बंद केलाय. जरासुद्धा चालत नाही, लगेच पोट बिघडतं. म्हणून ज्वारीच."

गिरणीत गहू चालला होता. अक्कांनी हात लांब करून बटण बंद केलं. पट्टा थांबल्यावर त्या म्हणाल्या,

"मग हितं दळू नका बाई."

"म्हणजे?"

"अकरा वाजल्यापासनं गहू चाललाय. दगडात हाय, कापडात हाय, हवेत हाय. माझ्या केसात बी हाय बघा."

"पण तुम्हीच लिहिलंय ना, केव्हाही या? मी जुळे सोलापूरहून रिक्षा करून आले."

"ते चुकलंच आमचं."

त्या 'आमचं' म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी डब्याचं झाकण बोटाने दाबत उभी राहिले.

"मग उद्या सकाळी सगळ्यात आधी येऊ का?" बाईंनी विचारलं.

अक्कांनी हो म्हणावं असं मला फार वाटलं. सकाळी पहिली ज्वारीच असते, मला माहीत होतं. आणि कुणाला काय कळणार होतं? अक्कांनी गिरणीच्या दगडाकडे हात केला.

"सकाळी बी नको. आदल्या दिवशीचा गहू दगडाच्या खाचात बसलेला असतोय. मी झाडून काढते, तरी सगळा निघत न्हाय. दुसऱ्या कुणाला चालतंय ते. तुमच्या पोरीला न्हाय चालणार."

बाई बाकड्यावर बसल्या. मामांनी सरकून जागा दिली. बाईंचा आवाज एकदम उतरला. "गेले चार महिने आम्ही दुसरीकडून दळून आणतोय. ते म्हणतात, काळजी करू नका ताई, साफ करून देतो. आणि हिचं पोट काही थांबत नाही. मला वाटायचं शाळेत लपून बिस्किटं खाते. दोनदा मारलं मी तिला."

मामा पायाखालच्या पिठाकडे बघत होते.

"याक यव्वा," अक्का हळू म्हणाल्या. असं का गं बाई, एवढाच त्याचा अर्थ, पण कानडीत तो जास्त मऊ लागतो. "घरघंटी घ्या. लहानशी बी चालंल. नवीच घ्या, कुणाची वापरलेली नको. आणि तिच्यात गव्हाचा एक दाणा कधी घालू नका. पाव्हण्याचा बी नको."

त्यांनी बाईंना घरघंटी कशी बघून घ्यायची, ज्वारी किती वाळवायची, भाकरीचं पीठ बोटाला कसं लागलं पाहिजे, सगळं सांगितलं. पाच-दहा मिनिटं गिरणी बंद होती आणि गव्हाचे डबे तसेच रांगेत होते. बाई ज्वारीचा भरलेला डबा घेऊन परत गेल्या. जाताना अक्कांचा नंबर घेऊन गेल्या.

मी म्हणाले, "अक्का, माझ्यामुळे झालं."

"तू मला इचारलंस का? न्हाय. मी तुला सांगितलं का? न्हाय. दोघी बी येड्या." त्यांनी परत बटण लावलं आणि गिरणीच्या आवाजावरून ओरडून म्हणाल्या, "सोमवारधरनं सकाळी येऊन बस हितं. आधी बघ. मग लिही."

मी तीन दिवस सकाळी सातला जाऊन बसले. लहानपणापासून त्या गिरणीत जात होते, पण बसून बघितलं नव्हतं कधी. सकाळची पहिली ओंजळ कुणाचीच नसते, हे मला तेव्हा कळलं. अक्का स्वतःच्या ज्वारीतली ओंजळभर आधी दळतात, म्हणजे आदल्या दिवशीचं उरलंसुरलं तिच्याबरोबर बाहेर येतं. ते पीठ बाजूला एका टोपलीत पडतं आणि पलीकडच्या गाईला जातं. मग अकरापर्यंत ज्वारी आणि बाजरी. मग गहू. पाचनंतर डाळी. मधे कुणी कितीही घाई केली तरी हा क्रम मोडत नाहीत. एवढं सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि मी त्याच्या जागी 'केव्हाही या' लिहून मोकळी झाले होते. गल्लीतल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट लिहायची असते, हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. जुळे सोलापूरच्या बाईंना ती कुठून माहीत असणार?

आणखी एक बघितलं. लोक डबा ठेवून जातात तेव्हा अक्का खडूने झाकणावर लिहितात. 'ज्वारी. बारीक. ९ ला.' किंवा 'गहू. रव्याचा. घाई नाही.' किंवा 'हरभरा डाळ. भाजलेली आहे.' मी बसल्या बसल्या तीसेक झाकणं वाचली असतील. एकाही झाकणावर एखादा शब्द काढून टाकावा असा नव्हता. डबा घ्यायला येणारा काय विचारणार, दळणाऱ्याला काय माहीत हवं, तेवढंच. मी विचारलं, "अक्का, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? मी चौथी शिकले, ती बी कानडी शाळेत. मराठी अक्षरं ह्या डब्यांवरनंच शिकले. लोक नाव लिहून आणायचे, मी बघायची."

मला बारा-तेरा वर्षं शाळा-कॉलेजात शिकवून कुणी जे शिकवलं नव्हतं, ते या बाईंनी दुसऱ्यांच्या डब्यांवरून उचललं होतं. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर त्यांनी झाडू हातात दिला असता.

मग आम्ही दोघींनी मिळून नवी पोस्ट लिहिली. त्या बोलायच्या, मी लिहायची, त्या पुन्हा वाचायला लावायच्या आणि मधेच "साकु" म्हणायच्या, पुरे. सकाळी सात ते अकरा ज्वारी-बाजरी. अकरा ते पाच गहू. पाचनंतर डाळी. रविवारी बंद. डबा ठेवून गेलात तरी चालेल, झाकणावर नाव लिहा. घरपोच मिळत नाही. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग अक्का म्हणाल्या, "आता गव्हाचं लिही."

"काय?"

"लिही. सगळं धान्य एकाच दगडावर दळतो. ज्वारीत थोडा गहू येतोच. ज्यांना डॉक्टरनं गहू बंद केलाय त्यांनी हितं दळू नये. घरघंटी घ्यावी. कशी घ्यायची ते इचारायला या, सांगू."

मी पेन थांबवलं. "अक्का, जाहिरातीत असं कुणी लिहीत नाही."

"बरं मग?"

"हे वाचून उपवासवाले पण येणार नाहीत. ज्वारीत गहू येतो म्हणजे राजगिऱ्यातही येणार, असं म्हणतील."

"म्हणणारच. येतोच की."

"मग शिवरात्रीपर्यंत थांबू या का? नंतर टाकू ही ओळ." हे मी म्हणाले. लिहितानाही लाज वाटते, पण म्हणाले. शिवरात्र महिन्यावर आली होती आणि गिरणी मोडायची की ठेवायची हे त्याच आठवड्यावर होतं.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. "आणि तवर तसली दुसरी पोरगी आली तर?"

मी ती ओळ लिहिली.

पोस्टीला बदाम आले नाहीत. मामा दुसऱ्या दिवशी हजर. "अक्का, गिऱ्हाईकाला येऊ नका म्हणून सांगणारी तू जगात पहिलीच."

"ज्याला सोसत न्हाय त्याला सांगितलं मामा. तुमी या. तुमच्या पोटाला दगड बी पचतोय."

त्यानंतर आम्ही रोज एकच गोष्ट करायला लागलो. सकाळी सातला व्हॉट्सॲप स्टेटस: आज काय चालू आहे, किती वाजेपर्यंत. लाईट जाणार असेल तर ते. खाली गिरणीचाच फोटो, पिठाने पांढरा झालेला. लोक प्रश्न विचारायचे आणि अक्का बोलून उत्तर पाठवायच्या. ते मी ऐकत बसायची. 'नाचणी दळता का?' "दळते, पण बुधवारीच." 'मिरची?' "न्हाय. मिरचीला पलीकडच्या चौकात जावा, ते चांगलं करत्यात." नाही म्हणायला त्या कधी अडखळल्या नाहीत, आणि हो म्हणताना कधी वाढवून बोलल्या नाहीत. एकाही माणसाला उत्तर न देता सोडलं नाही. माझ्या पुस्तकात ग्राहकाशी संवाद असा एक पूर्ण धडा आहे. तो वाचताना मला आता अक्कांचाच आवाज ऐकू येतो.

तरीही डबे कमी झाले. दोन-तीन घरांनी खरंच सांगितलं की उपवासाचं पीठ ते आता तयारच आणतील. मी हिशोब मांडून दाखवला नाही, त्यांनी विचारला नाही.

शिवरात्रीच्या आधी अक्कांनी स्टेटसला लिहायला सांगितलं: 'मंगळवारी गिरणी बंद. दगड उघडून, टाकी लावून, झाडून घेणार. बुधवारी फक्त उपवासाची पिठं. तरी ही धान्याची गिरणी आहे, हे मनात ठेवून या.' टाकी लावणं म्हणजे झिजलेल्या दगडावर छिन्नीने पुन्हा खाचा पाडणं. मंगळवारी त्या कारागिराशेजारी दिवसभर कुंचा घेऊन बसून होत्या. पीठ पडायची कापडी झोळीसुद्धा नवी शिवली, माझ्या आईकडून.

बुधवारी मी कॉलेज बुडवलं. सात वाजले, कुणी आलं नाही. आठ वाजले. अक्का पदराने वारा घेत बाकड्यावर बसल्या होत्या, मामा आज एकही चेष्टा करत नव्हते. मला माझ्या त्या ओळीचा राग येत होता, आणि तो राग आल्याचाही राग येत होता.

साडेआठला एक म्हातारी आली, पिशवीत भगर आणि राजगिरा. ती आधी आत डोकावली.

"खरंच दगड उघडलास व्हय गं?"

"हात घालून बघ की."

म्हातारीने चालू व्हायच्या आधी झोळीत हात घातला, बोट बाहेर काढून उजेडात धरलं, उलटसुलट बघितलं. मग कमरेचा फोन काढून सुनेला म्हणाली, "आण, आण. समद्यांचंच आण."

दहापर्यंत बाकडं भरलं. त्यात जुळे सोलापूरच्या बाई होत्या, सासूचा शिंगाडा घेऊन, आणि त्यांच्या बिल्डिंगमधल्या आणखी चौघी. बाईंनी गव्हाची ती ओळ बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली होती. बरोबर मुलगी होती, बारीक, दोन वेण्यांची. ती दारातच थांबली आणि आईला विचारलं, "इथे गहू असतो?"

"असतो," अक्काच म्हणाल्या. "म्हणून तू बाहेरच थांब. पोट कसं हाय?"

"आता दुखत नाही," मुलगी रस्त्यावरूनच म्हणाली. "घरात आमची गिरणी आहे. बटण मी लावते."

मामांनी नंतर सांगितलं की जुन्या शिवरात्रीच्या मानाने ही गर्दी निम्मी होती. त्यांचं बरोबर असेल. गिरणी ठेवायची की मोडायची, ते अक्कांनी सांगितलं नाही. मीही विचारायचं धाडस केलं नाही. पुढचे काही दिवस मी स्टेटस लिहायला जात होते आणि त्यांच्या तोंडाकडे बघून काही कळतं का ते शोधत होते.

मग एका संध्याकाळी वडील नुकतेच कामावरून आले होते, आई शिवत होती, आणि फोन वाजला. गिरणीचं स्टेटस होतं. मी लिहिलेलं नव्हतं. अक्कांनी स्वतः टाईप केलं होतं, पहिल्यांदाच:

'बुधवार गुरुवार गिरणी बंद. नवे दगड बसवायचे आहेत. शुक्रवारी ७ ला ज्वारी. डाळीचं पीठ संपत आलं असेल तर आज ६ च्या आत डबा आणा.'

मी ते मोठ्याने वाचलं. वडील पाय पुसता पुसता थांबले.

"नवं दगड? म्हंजी अजून धा वर्सं तर अक्का कुटं जात न्हाय."

मी पुन्हा एकदा वाचलं. माझे डोळे भरून आले होते आणि मी फोनच्या आड तोंड धरून बसले होते. आईने शिलाई थांबवून घड्याळाकडे बघितलं.

"वाचत काय बसलीस? पावणेसा झाल्यात. डाळीचा डबा उचल."